इंजिन तेच, छप्पर वेगळं

पत्र: वय त्रेपन्न. आजवर गाड्या घेतल्या त्या कामासाठी, घरासाठी, मुलांच्या शाळेसाठी. आता एक फक्त हौसेसाठी घ्यायची आहे. उघड्या छपराची मर्सिडीज-बेंझ एसएल कॉलेजात असल्यापासून डोक्यात आहे. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत, दोन्ही एसएल ५००. पहिली १९९९ ची, आर१२९ पिढीतली. कापडी छप्पर, वरून बसवायचा वेगळा हार्डटॉप (म्हणजे काढता येणारं पत्र्याचं छप्पर), रनिंग १ लाख ४० हजार किलोमीटर, सोबत बिलांची जाडजूड फाइल. दुसरी २००२ ची, आर२३० पिढीतली. छप्पर पत्र्याचं, घडी होऊन डिकीत जाणारं. रनिंग अवघं ५८ हजार, मालक बाहेर असल्यामुळे गेली चार वर्षं बहुतेक उभीच. जाहिरातीत 'एबीसी सस्पेन्शनसह' असं लिहिलंय. किमतीत फारसा फरक नाही. माझा जुना मेकॅनिक म्हणतो जुनी घ्या. मुलगा म्हणतो, बाबा, कमी चाललेली आणि नवी सोडून जुनी कोण घेतं? बायकोला उघडी गाडी आवडते, पण मागून वारा लागला की तिची मान धरते. पार्किंगची जागा एकाच गाडीपुरती. गाडी रविवारची, वर्षाला फार तर चार-पाच हजार किलोमीटर चालेल. काय करू?
– कात्रीत सापडलेला

उत्तर:

तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य मेकॅनिकचं आहे, आणि तुम्ही ते एका ओळीत उरकलंत. त्याच्याकडे येतो. आधी मुलाच्या डोक्यातला गोंधळ दूर करू, कारण तो तुमच्याही डोक्यात असावा असं वाटतं.

तुम्ही निवडलेल्या या दोन गाड्यांचं इंजिन एकच आहे. १९९८ मध्ये आर१२९ चं शेवटचं रूप आलं, तेव्हा तिला एम११३ हे पाच लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन मिळालं. ३०६ हॉर्सपॉवर, ४६० न्यूटनमीटर टॉर्क. २००१ मध्ये नवी पिढी आली ती हेच इंजिन आणि हाच पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेऊन. सात गिअरचा २००३ च्या अखेरीस आला, म्हणजे तुमच्या २००२ च्या गाडीत तो नाही. शून्यापासून शंभरचा वेग गाठायला जुनीला साडेसहा सेकंद लागतात, नवीला ६.३. तेव्हा 'नवी जास्त पळते का' हा प्रश्न इथेच मिटवा. त्या दोन दशांश सेकंदांत तुमचा मुलगा 'बाबा' एवढंही म्हणू शकणार नाही.

बरं, हे इंजिन चांगलं आहे. एका सिलिंडरला दोन याप्रमाणे सोळा स्पार्क प्लग लागतात, व्हॉल्व्ह कव्हरपाशी थोडंफार ऑइल पाझरतं, क्रँकशाफ्टचा सेन्सर कधीतरी दगा देतो. पण तेल वेळेवर बदललं तर हे व्ही८ मालकाला सहसा रडवत नाही. गिअरबॉक्सलाही एक खोड आहे: त्याच्या वायरिंगचा प्लग जिथे आत जातो तिथली रबरी रिंग म्हातारी झाली की तेल बाहेर येतं. रिंग अगदी स्वस्त असते, दुर्लक्ष मात्र महागात पडतं. हे दोन्ही गाड्यांना सारखंच लागू, म्हणून या बाबतीत दोघींना समान गुण द्या आणि पुढे चला.

मग वेगळं काय आहे? त्या इंजिनाभोवती बांधलेलं सगळं.

आर१२९ मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये लोकांसमोर आली. तिच्या आधीची आर१०७ तब्बल अठरा वर्षं चालली होती, त्यामुळे नवीकडून अपेक्षा भलत्याच होत्या. मर्सिडीजचे डिझाइनप्रमुख ब्रुनो साक्को यांच्या हाताखालच्या मंडळींनी जी गाडी काढली ती मला आजही एका रेषेत काढलेल्या चित्रासारखी वाटते. (हे माझं मत, तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. पण गाडी तिरकी उभी करून मागच्या चाकाकडून एकदा बघा.) त्या काळाच्या मानाने तिच्यात अक्कलही भरपूर होती. गाडी उलटतेय असं सेन्सरला कळलं की सीटमागची सुरक्षा कमान ०.३ सेकंदात उभी राहते. सीटबेल्ट दरवाजाजवळच्या खांबाला नाही तर सीटलाच जोडलेला, म्हणून सीटचा सांगाडाही तेवढा दणकट. कापडी छप्पर बटणावर चालतं आणि पत्र्याच्या झाकणाखाली नाहीसं होतं.

तरीही ही गाडी मुळात यंत्र आहे, हातांनी समजून घेता येणारं. तिचं म्हातारपणही तसंच दिसतं, टपकतं, कुरकुरतं. छप्पर चालवणारे हायड्रॉलिक सिलिंडर झिजले की आतलं तेल बाहेर येतं, आणि काचेच्या वरच्या कडेला जे कुलपाचे सिलिंडर असतात तिथून ते नेमकं आरशाजवळ, सनव्हायझरवर किंवा चालवणाऱ्याच्या कपाळावर पडतं. हे घाबरण्यासारखं नाही. सिलिंडर काढून नव्या सीलसह दुरुस्त करता येतात, ते काम करणारे लोक आहेत, आणि एकदा सगळे करून घेतले की बरीच वर्षं तिकडे बघावं लागत नाही. छपराच्या मागच्या प्लॅस्टिकच्या खिडक्या पिवळ्या पडतात, दुमडीवर तडकतात. कापड कधीतरी बदलावं लागतं. खर्च होतो, पण तो एकदाचा होतो आणि दिसतो.

आर२३० ची गोष्ट निराळी. तिच्या काळात मर्सिडीजच्या अभियंत्यांचा कॉम्प्युटरवर आंधळा म्हणण्याइतका विश्वास बसला होता, असं मला नेहमी वाटतं. छपराचंच बघा. १९९६ च्या छोट्या एसएलकेवर जमलेली पत्र्याच्या घडीच्या छपराची युक्ती इथे मोठ्या बहिणीला दिली. सोळा सेकंदांत बंद गाडी उघडी होते. सिग्नलला उभं राहून बटण दाबलं तर आजूबाजूचे लोक आजही मान वळवून बघतात. बंद असताना ती खरीखुरी कूपे, म्हणजे पक्क्या छपराची दोन दारांची गाडी असते: वाऱ्याचा आवाज कमी, पावसाची भीती नाही, चोराने कापड फाडण्याची चिंता नाही. तुमच्या मिसेसच्या मानेला हे छप्पर मानवेल, यात शंका नाही.

या छपराखाली दोन गोष्टी लपल्या आहेत, आणि जाहिरातीत त्यातली एकच लिहिली आहे.

लिहिलेली म्हणजे एबीसी, अ‍ॅक्टिव्ह बॉडी कंट्रोल. साध्या गाडीत वळणावर बॉडी कलू नये म्हणून लोखंडी दांडा असतो. इथे तो नाही. त्याऐवजी इंजिनावर चालणारा पंप सुमारे २०० बार दाबाने तेल ढकलतो आणि चारही स्प्रिंगांच्या डोक्यावरचे सिलिंडर त्या तेलाने क्षणोक्षणी वरखाली होतात. नीट असेल तर हे प्रकरण अफलातून आहे. एवढी जड गाडी वळणावर कललीय असं वाटतच नाही. पण २०० बार म्हणजे खेळ नव्हे. जुनी झालेली एक होज, म्हणजे तेलाची नळी, फुटली की तेल रस्त्यावर आणि गाडी जमिनीला टेकल्यासारखी. पंप, व्हॉल्व्हचे ठोकळे, दाब साठवणारे गोळे, होज, सगळ्यांचं वय एकदमच होतं. एक बदललात की दाब पूर्ण मिळतो आणि पुढचा कमजोर भाग शरण येतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण बहुधा अशाच सस्पेन्शनसाठी जन्माला आली असावी.

न लिहिलेली गोष्ट म्हणजे ब्रेक. सेन्सोट्रॉनिक ब्रेक कंट्रोल, थोडक्यात एसबीसी, पहिल्यांदा आले ते याच गाडीत. तुम्ही पेडल दाबता तेव्हा खरं तर एका सेन्सरला तुमची इच्छा कळवता. कॉम्प्युटर ठरवतो कुठल्या चाकाला किती दाब द्यायचा, आणि तो दाब विजेच्या पंपाने आधीच भरून ठेवलेल्या साठ्यातून येतो. यंत्रणा बंद पडली तर पेडलचा थेट दाब पुढच्या दोन चाकांपर्यंतच पोहोचतो आणि पाय खूप खोल जातो. २००४ च्या मे महिन्यात कंपनीने या ब्रेकसाठी ६ लाख ८० हजार ई-क्लास आणि एसएल गाड्या परत बोलावल्या होत्या. म्हणजे ही गाडी जीवघेणी आहे, असं मी म्हणत नाहीये. नीट असलेला एसबीसी उत्तम थांबवतो. पण त्याच्या युनिटमध्ये ब्रेक किती वेळा दाबले याची मोजणी चालू असते आणि ठरावीक आकडा ओलांडला की ते युनिट बदलायला सांगतं.

आता मेकॅनिककडे येऊ. एसबीसी असलेल्या गाडीचे साधे ब्रेक पॅड बदलायचे तरी आधी निदान करणाऱ्या कॉम्प्युटरने ती यंत्रणा झोपवावी लागते. नाहीतर गाडी उघडल्याबरोबर ती स्वतःची चाचणी घेते, कॅलिपर गच्च आवळतात, आणि त्या वेळी फिटरची बोटं तिथे असतील तर पुढचं सांगायला नको. तुमच्या जुन्या मेकॅनिककडे ती उपकरणं आहेत का? नसतील तर 'जुनी घ्या' म्हणताना तो तुम्हाला एवढंच सांगतोय की, ही मी सांभाळू शकतो, ती नाही. यात त्याचा स्वार्थ शोधू नका. अशा गाडीच्या बाबतीत कोण सांभाळणार हे कुठली घ्यायची याच्याइतकंच महत्त्वाचं असतं, किंबहुना मी तर ते आधी विचारतो.

आणि मुलाचा मुद्दा, ५८ हजार किलोमीटर. आकडा छान आहे. पण आर२३० ला उभं राहणं सोसत नाही. तिला दोन बॅटऱ्या आहेत, एक बॉनेटखाली इंजिन सुरू करण्यासाठी, दुसरी डिकीत बाकी सगळ्यासाठी. ती दुसरी अशक्त झाली की गाडी एकेक करून निरनिराळे आजार सांगायला लागते, ज्यातले निम्मे खरे नसतात. डिकीच्या पोटात, गालिच्याखाली, इलेक्ट्रॉनिक्स आणि छपराचा हायड्रॉलिक पंप बसवलेले आहेत. मागच्या दिव्यांच्या किंवा डिकीच्या सीलमधून पाणी झिरपलं की ते तिथेच साठतं. चार वर्षं उभ्या असलेल्या गाडीत किती पावसाळे झिरपले असतील, ते तुम्हीच मोजा. १ लाख ४० हजार चाललेली, पण दरवर्षी तेल, ब्रेक फ्लुइड, टायर यांची बिलं असलेली गाडी माझ्या लेखी त्या ५८ हजारांच्या गाडीपेक्षा तरुण आहे.

एवढ्यावरून तुम्हाला अंदाज आलाच असेल. तुम्ही सांगितलेल्या या दोन गाड्यांपैकी १९९९ ची घ्या.

पण लगेच नाही. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असं करू नका. आर१२९ बघायला जाल तेव्हा तिच्यावर हार्डटॉप बसवलेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि मालक सांगेल, 'खालचं कापडी छप्पर एकदम फर्स्ट क्लास आहे.' त्याला तो हार्डटॉप काढायला लावा. काढायला दोन माणसं लागतात, तुम्ही एक, तो एक. मग छप्पर दोनदा पूर्ण उघडा, दोनदा पूर्ण मिटा, नुसतं बटण दाबून नव्हे, तर शेजारी उभं राहून, कान देऊन. मधे अडखळलं, झाकण तिरकं बसलं, काचेवरच्या कडेला बोट फिरवल्यावर तेलकट लागलं, तर भाव कमी करायला ते पुरेसं कारण आहे, सोडून द्यायला नाही. कमान वर-खाली करणारं बटण दाबून बघा. गाडीखाली वाकून जॅक लावायच्या जागा आणि पुढच्या मडगार्डांच्या आतल्या कडा बोटांनी चाचपा, गंज असेल तर तिथे असतो. मध्यवर्ती कुलूप हवेच्या दाबावर चालतं, ते चारही बाजूंना लागतंय का पाहा. आणि फाइल. फाइल घरी आणा, रात्री चहा घेऊन बसा, बिलांच्या तारखा आणि किलोमीटर एका कागदावर उतरवा. कुठे दोन-तीन वर्षांचं भगदाड दिसलं तर दुसऱ्या दिवशी मालकाला विचारा.

हा व्यवहार फिसकटला आणि दुसरी आर१२९ शोधायची वेळ आली, तर १९९३ ते १९९५ च्या गाड्यांकडे जरा सावधपणे बघा. त्या काळातल्या इंजिनाच्या वायरिंगचं आवरण ठिसूळ होऊन गळून पडतं. हा वायरिंगचा जुडगा (हार्नेस) बदलल्याचं बिल असेल तर हरकत नाही. आणि एसएल ६०० चं व्ही१२ कितीही स्वस्तात मिळालं तरी तिकडे वळू नका. रविवारच्या गाडीला बारा सिलिंडरांचा संसार कशाला?

आता तुमच्या दोन खऱ्या अडचणी, ज्या तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिल्यात.

हार्डटॉप. तो अ‍ॅल्युमिनियमचा आहे, वजन साधारण ३४ किलो, पण आकाराने पलंगाच्या फळीएवढा. एकाच गाडीच्या जागेत तो ठेवणार कुठे? उभा ठेवायचे चाकांचे स्टँड मिळतात, भिंतीला टेकून हातभर रुंदीत मावतात. जागेवर छत असेल आणि तुम्हाला ड्रिल करायची परवानगी असेल तर दोरखंडाची चरखी लावून तो वर टांगता येतो, अगदी एकट्याने. यातलं काहीच जमणार नसेल तर तो कुणा नातेवाइकाच्या कोरड्या खोलीत ठेवा आणि वर्षभर कापडी छपरावर चालवा. गाडी रविवारची आहे, ते छप्पर याला पुरेसं आहे. फक्त विकू नका. गाडीच्या रंगाचा मूळ हार्डटॉप सोबत नसेल तर पुढे तुमच्याकडून विकत घेणारा पहिला प्रश्न तोच विचारेल.

दुसरी अडचण मान. आर१२९ ला जाळीचा एक पडदा मिळतो, कमानीवर बसणारा, तो सीटमागून उलटा फिरून येणारा वारा बराच अडवतो. गाडीसोबत तो आहे का विचारा, नसेल तर मिळवा. काचा वर, जाळी लावलेली आणि वेग ताब्यात असला तर पुढच्या सीटवर वारा केसांपर्यंत येतो, मानेपर्यंत फारसा नाही. पण हे मी लिहिण्यापेक्षा त्यांना गाडीत बसवून अर्धा तास फिरवून आणा. छप्पर उघडं ठेवून, जाळी लावून, हमरस्त्यावर. त्यांनी उतरल्यावर मान चोळली तर माझं वरचं सगळं विसरा. जी गाडी दोघांपैकी एकाला नकोशी होते ती काही महिन्यांनी कव्हरखाली जाते, आणि मग तीच उभी राहण्याची कहाणी तुमच्याही गाडीची होते.

तसं झालं तर आर२३० घ्या, पण ही २००२ ची उभी असलेली नको. तिच्या नंतरच्या गाड्या बघा. २००६ मध्ये साडेपाच लिटरचं, ३८८ हॉर्सपॉवरचं इंजिन आलं, आणि २००८ च्या नव्या चेहऱ्यासोबत एअरस्कार्फ आलं: सीटच्या डोक्याखालून मानेवर गरम हवा सोडणारी झरोक्याची सोय. तुमच्या घरी हा एकच शब्द सगळा निकाल बदलू शकतो. २००६ च्या त्या सुरुवातीच्या इंजिनांत टायमिंग चेनचा एक गिअर लवकर झिजतो, तेव्हा इंजिन नंबर आणि चेनचा आवाज जाणकाराकडून तपासून घ्या. डिकीही मोजा. छप्पर बंद असताना सुरुवातीच्या गाड्यांत ३१७ लिटर जागा होती, उघडलं की २३५ च. सामान आधी भरलंत आणि छप्पर नंतर उघडलंत तर काय दबणार, हे एकदा रिकाम्या बॅगांनी करून बघा.

कुठलीही आर२३० बघायची असेल तर सकाळी, मालकाने ती सुरू करायच्या आत पोहोचा. रात्रभर उभी राहिल्यावर एक कोपरा खाली बसलेला दिसला तर एबीसीतून दाब गळतोय. दरवाजा उघडा आणि ऐका, ब्रेकचा पंप जागा होऊन घरघरेल. तो आवाज यायलाच हवा, पण फार वेळ रेंगाळता कामा नये. डिकीतला गालिचा उचलून हात फिरवा, ओलसर लागला की व्यवहार थांबवा. आणि मर्सिडीजच्या निदान-कॉम्प्युटरला जोडून घेतलेला पूर्ण अहवाल हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका. याला नकार देणारा विक्रेता दिसला की नमस्कार करून निघा.

एक राहिलं. आर१२९ घेतलीत तर छप्पर महिन्यातून एकदा तरी उघडमीट करा, पावसाळ्यातसुद्धा, एखादा कोरडा तास बघून. सील न हलता सुकले की गळायला लागतात. थंडीत छप्पर उघडून घडी घालताना मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीत एक मऊ टॉवेल घाला, दुमड पडणार नाही.

आणि फाइलमधलं शेवटचं बिल कुठल्या तारखेचं आहे ते बघून मला जरूर कळवा. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललंय, हेही त्यात शोधा.